अस्सलबरहुकूम

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढली की माणसाच्या बोटांना एक सवय जडते. समोर कागद आला की त्याच्या कोपऱ्यात ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा मारावयाचा आणि खाली सही करावयाची. हा शब्द आता पुष्कळ कचेऱ्यांतून मागे पडला आहे. त्याच्या जागी ‘सत्यप्रत’ आली आहे. पण मला जुनाच शब्द अधिक नेमका वाटतो. बरहुकूम म्हणजे हुकुमाप्रमाणे. नकलेने अस्सलासारखे दिसले पाहिजे, असे तो शब्द म्हणत नाही. तिने अस्सलाचा हुकूम पाळला पाहिजे, एवढेच म्हणतो. मूळ कागद पिवळा पडलेला असतो, नक्कल पांढरीशुभ्र असते. मूळ बोरूने लिहिलेले असते, नक्कल यंत्रावर छापलेली असते. तरीही सही करताना आमचा हात अडखळत नाही. मात्र मजकुरातला एक आकडा चुकला, की मग कागद कितीही देखणा असो, ती नक्कल खोटी.

नकलेत काय गेलेले चालते आणि काय गेलेले चालत नाही, हा प्रश्न मला प्रथम पडला तो कचेरीत नव्हे. तो पडला वयाच्या बाराव्या वर्षी, पुण्यातल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. तो ज्या खेळाने पाडला त्याचे नाव ‘स्ट्रीट फायटर टू’. हा खेळ आणि त्याच्या घरोघरी गेलेल्या नकला यांची तुलना आज मला करावयाची आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जपानातील ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीने तो १९९१ साली बाजारात आणला. तो घरी खेळावयाचा खेळ नव्हता. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, तिच्यात पडदा, पुढच्या फळीवर दोघांसाठी दोन दांडे आणि प्रत्येक दांड्याशेजारी सहा बटणे, अशी त्याची मांडणी होती. वरच्या ओळीतील तीन बटणे ठोशांची, खालच्या ओळीतील तीन लाथांची. डावीकडून उजवीकडे हलका, मध्यम आणि जोरदार असा क्रम. नाणे टाकावयाचे, आठ योद्ध्यांतून एक निवडावयाचा आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी लढावयाचे. योद्धे निरनिराळ्या देशांचे: जपानचा ऱ्यू, चीनची चुन-ली, रशियाचा झांगीफ, ब्राझीलचा ब्लांका. आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून धाल्सिम नावाचा योगी होता. गळ्यात कवट्या, तोंडातून अग्नी आणि वाटेल तितके लांब होणारे हातपाय! योगशास्त्राचे हे जपानी दर्शन पाहून आम्ही मुले मनमुराद हसत असू, आणि तरीही ‘आपला’ म्हणून त्याचीच बाजू घेत असू.

या खेळाची मोहिनी चित्रांत होती असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटे. वास्तविक ती वेळेत होती. पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलत असे, आणि खेळाचे सारे कायदे या साठाव्या हिश्शाच्या मापाने लिहिलेले होते. हलका ठोसा चटकन जातो पण कमी लागतो. जोरदार लाथ उशिरा निघते, पण बसली तर प्रतिस्पर्ध्याला हादरविते. दांडा आधी खाली, मग तिरपा, मग पुढे नेऊन त्याच क्षणी ठोशाचे बटण दाबले, तर ऱ्यूच्या तळहातांतून निळा गोळा सुटतो. हीच क्रिया किंचित उशिरा झाली, तर गोळा न सुटता नुसता ठोसा जातो. एक घाव बसून प्रतिस्पर्धी सावरण्याच्या आत दुसरा बसविता येतो, ही गोष्ट तर निर्मात्यांनी मुळात योजलेलीही नव्हती. खेळ घडत असताना मोटार फोडण्याच्या उपखेळात ती ध्यानात आली, आणि फार थोड्यांना जमेल अशा समजुतीने तशीच राहू दिली गेली. पुढे याच गोष्टीवर अशा खेळांची एक संपूर्ण विद्या उभी राहिली. तबल्यावर बोल तोच, हात तोच, पण मात्रा चुकली तर सारेच बिघडते; तसाच हा प्रकार होता.

अशा खेळाची घरगुती नक्कल करावयाची म्हणजे काय करावयाचे, हे आता पाहू. घरी दूरदर्शन संचाला जोडावयाची जी लहान यंत्रे त्या काळी मिळत, त्यांना कन्सोल म्हणतात. त्यांत खेळाची कॅसेट घालावयाची. पार्लरमधील पेटीत केवळ चित्रांसाठी ४८ मेगाबिट एवढी साठवण होती. १९९२ च्या जूनमध्ये जपानात सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या यंत्रासाठी जी पहिली नक्कल निघाली, तिची कॅसेट १६ मेगाबिटची होती; आणि तेवढ्यात चित्रे, संगीत, आवाज आणि खेळाचे नियम असे सर्व बसवावयाचे होते. पेटीतील चित्र आडवे ३८४ ठिपक्यांचे, तर घरच्या यंत्रावरील २५६ ठिपक्यांचे. पेटीतील यंत्राचा मेंदू मोटोरोला ६८००० या जातीचा, १० मेगाहर्ट्झ वेगाचा. निन्टेन्डोच्या यंत्रातील निराळ्या जातीचा आणि फार तर ३.५८ मेगाहर्ट्झचा. मोठ्या वाड्यातला संसार दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हलविण्यासारखे हे काम होते. काय न्यावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे, हे कोणीतरी ठरविलेच पाहिजे.

कॅपकॉमच्या माणसांनी स्वतःच ते ठरविले, आणि त्यांच्या निवडीत त्यांची समज दिसते. योद्ध्यांच्या आकृती त्यांनी कमी ठिपक्यांत पुन्हा बसविल्या. वरून घरंगळत येणारी पिंपे फोडण्याचा जो उपखेळ होता, तो त्यांनी काढला आणि त्या जागी विटा फोडण्याचा सोपा प्रकार घातला. योको शिमोमुरा या संगीतकार बाईंच्या चाली निराळ्या ध्वनियंत्रावर नव्याने बांधल्या. त्या यंत्राला संगीत आणि माणसांचे आवाज मिळून अवघी ६४ किलोबाइट स्मृती होती. परंतु आठही योद्धे ठेवले, त्यांचा प्रत्येक डाव ठेवला, कोणता घाव कोणत्या घावाला भारी पडतो हे गणित जपले. आणि योगायोग असा, की या यंत्राच्या हातातल्या खेळणीवर चार बटणे अंगठ्याखाली आणि दोन खांद्यावर, अशी नेमकी सहा बटणे होती. पार्लरमध्ये शिकलेला मुलगा घरी बसला, की काही वेळ त्याची बोटे चाचपडत. कारण जोरदार ठोसा आणि जोरदार लाथ आता तर्जनीखाली गेलेली असे. पण तासाभराने बोटांना नवे घर समजे आणि जुनी विद्या परत येई. या कॅसेटच्या ६३ लाख प्रती खपल्या. लोकांनी पिंपांची आठवण फारशी काढली नाही.

पुढील वर्ष तुलनेला सोयीचे आहे, कारण १९९३ च्या एकाच मोसमात तीन निरनिराळ्या यंत्रांवर तीन नकला आल्या. मूळ खेळाच्या दोन सुधारलेल्या आवृत्त्या १९९२ मध्ये पार्लरांत आल्या होत्या: पहिली ‘चॅम्पियन एडिशन’, जीत चारही खलनायकांची निवड करता येई, आणि दुसरी अधिक वेगवान ‘टर्बो’. जूनमध्ये एनईसीच्या पीसी इंजिनवर पहिली आली, जुलैमध्ये निन्टेन्डोवर दुसरी, आणि सप्टेंबरमध्ये सेगाच्या मेगा ड्राइव्हवर दोहोंना सामावून घेणारी कॅसेट आली. साठवण अनुक्रमे २०, २० आणि २४ मेगाबिट. या तिघींना मी डोळा, कान आणि हात अशा तीन कसोट्या लावतो.

डोळ्याच्या कसोटीत निन्टेन्डो पुढे आहे. त्याच्याजवळ ३२,७६८ छटा होत्या आणि त्यांतल्या २५६ एका वेळी पडद्यावर येऊ शकत. मेगा ड्राइव्हजवळ ५१२ छटा आणि एका वेळी सुमारे ६४. त्यामुळे सेगाच्या नकलेतील आकाश आणि कातडी थोडी करकरीत, कमी रंगांत भागविलेली दिसते. पीसी इंजिनचा मेंदू तर आठ-बिटी, तिघांत जुना. पण पत्त्याएवढ्या पातळ कार्डावर उतरलेली त्याची चित्रे पाहून त्या यंत्राचे कौतुकच वाटते.

कानाच्या कसोटीत निकाल मिश्र लागतो. पार्लरमधील पेटीत यामाहाची ज्या पद्धतीची ध्वनिचिप होती, तिचीच धाकटी भावंड म्हणावी अशी चिप मेगा ड्राइव्हमध्ये होती. त्यामुळे चालींची धातूसारखी धार तिथे ओळखीची वाटते. पण माणसाचा आवाज आला की तो घसा बसल्यासारखा फाटका येतो. निन्टेन्डोवर आवाज मऊ आणि भरीव, पण थोडा गुदमरलेला, बंद खोलीतून आल्यासारखा.

हाताच्या कसोटीत मात्र सेगाने बाजी मारली, आणि ती मोठ्या विचाराने मारली. मेगा ड्राइव्हच्या मूळ खेळणीला तीनच बटणे होती. तिच्यावर हा खेळ खेळावयाचा तर ठोशांवरून लाथांवर जाण्यासाठी मध्येच स्टार्टचे बटण दाबावे लागे. लढाईच्या ऐन मध्यात असे बटण दाबणे म्हणजे बोलता बोलता व्याकरणाचे पुस्तक उघडण्यासारखे आहे. म्हणून सहा बटणांची नवी खेळणी निघाली. तीन वर, तीन खाली, अगदी पार्लरमधल्या फळीसारखी. पीसी इंजिनसाठीही सहा बटणांची स्वतंत्र खेळणी काढावी लागली. खेळाची एक नक्कल करण्यासाठी हाताची नक्कल करावी लागली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. निन्टेन्डोच्या कॅसेटमध्ये नसलेली पिंपेही सेगाच्या कॅसेटमध्ये परत आली. सारांश, चित्रशाळेत न्यावयाची असेल तर निन्टेन्डोची प्रत न्यावी. आखाड्यात उतरावयाचे असेल तर सेगाची प्रतही तितकीच विश्वासाची आहे.

हात जिथे हरला तिथे नक्कल कशी कोसळते, याचीही उदाहरणे आहेत. त्या काळच्या अमिगा या घरगुती संगणकासाठी निघालेली आवृत्ती घ्या. यंत्र दुबळे नव्हते, पण त्याच्या जॉयस्टिकला सहसा एकच बटण असे. आणि सहा बटणांची भाषा एका बटणात बोलणे म्हणजे बाराखडीतील एकाच अक्षरावर पत्र लिहिणे होय. १९९५ साली हातात मावणाऱ्या गेम बॉयवर आणि १९९७ साली ब्राझीलमध्ये मास्टर सिस्टिम या जुन्या यंत्रावर हा खेळ उतरविला गेला. दोन्हींना दोन दोनच बटणे. या दोन्ही आवृत्त्यांत आपल्या धाल्सिमला जागा मिळाली नाही. त्याचे लांबणारे हातपाय ठेवण्यास फार स्मृती लागत असेल, असा माझा तर्क आहे. कारण काहीही असो, गठ्ठा हलका करावयाचा ठरला की कोणाचे नाव आधी खोडले जाते, हे पाहण्यासारखे असते.

आणखी एक नक्कल अशी आहे, की तिच्यात दिसण्यासारखे काहीच बदलले नव्हते. युरोपातील दूरदर्शन संच, आपल्याकडील संचांप्रमाणेच, सेकंदाला साठ नव्हे तर पन्नास वेळा चित्र बदलत. निन्टेन्डोची कॅसेट तिथे गेली ती योद्धे, चित्रे आणि डाव जसेच्या तसे घेऊन. पण साऱ्या खेळाची चाल सहाव्या हिश्शाने मंद झाली, आणि पडद्याच्या वर-खाली काळे पट्टे आले. मजकूर तोच, पण लय गेली. जपानातला मुलगा आणि इंग्लंडातला मुलगा एकच खेळ खेळत होते असे म्हणणे मला तरी कठीण वाटते.

आता कोणी विचारील, की नकलेचा एवढा खटाटोप कशाला? अस्सलच घरी आणावे. तेही झाले. १९९४ साली कॅपकॉमने जपानात सीपीएस चेंजर नावाचे यंत्र काढले. त्यात पार्लरमधील पाटच आवरणात घालून घरी देण्याची सोय होती. ते महाग होते आणि फारसे चालले नाही. २००८ साली उलट टोकाचा प्रयोग झाला: मालिकेतील पुढच्या एका खेळाची सारी चित्रे आधुनिक पडद्यासाठी नव्याने रंगविली गेली, आणि त्याबरोबर योद्ध्यांचे बलाबलही बदलले गेले. जुना हिशेब ठेवणारा विभाग शेजारी ठेवलेला होता, म्हणून जाणकारांचे भांडण मिटले. शेवटी २०१८ साली, मालिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त, जुने बारा खेळ एकत्र मिळू लागले. यांत नक्कल करण्याची रीतच निराळी. खेळ पुन्हा लिहावयाचा नाही. जुन्या पेटीच्या यंत्राचे सोंग आजच्या यंत्राने घ्यावयाचे आणि मूळची आज्ञावली जशीच्या तशी चालवावयाची. ठिपका न् ठिपका तोच, आवाज तोच, पिंपेसुद्धा तीच. येथे तुलना संपली, असे मला वाटले होते.

गेल्या दिवाळीत माझा थोरला भाऊ आमच्याकडे दिल्लीस आला होता. पुण्याच्या त्या पार्लरमध्ये दादाचे नाव होते. शाळेतून परस्पर तिकडे जाऊन एका नाण्यावर तो तासभर टिकून राही आणि मी त्याचे दप्तर धरून उभा असे. मी मुद्दाम तो संग्रह आणून ठेवला होता. भिंतीवरच्या मोठ्या सपाट पडद्यावर तेच चित्र लागले; दादा मांडी घालून बसला आणि त्याने ऱ्यूला निवडले. प्रतिस्पर्धी उडी मारून वर आला की त्याला हवेतच वर उचलणारा जो ठोसा मारावयाचा असतो, ती दादाची हातखंडा चाल. ती निघेना. दहा वेळा प्रयत्न केला. दर वेळी मार खाल्ला. त्याने खेळणी खाली ठेवली आणि हसत म्हणाला, “वय झालं रे. हात राहिला नाही आता.” त्याचे हसणे मला बरे वाटले नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला पहिल्यांदा उमजावे, की आपल्यातले काहीतरी गेले आहे, तसे ते हसणे होते.

माझी मुलगी शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, “काका, तुमचा हात नाही चुकत. टीव्ही उशिरा दाखवतोय.” तिने पडद्याच्या मांडणीत जाऊन ‘गेम मोड’ नावाची एक कळ फिरविली. आजचे दूरदर्शन संच चित्र दाखविण्यापूर्वी ते घासूनपुसून सुंदर करतात, आणि त्यात साठाव्या हिश्शाच्या मापाने तीन, चार, कधी त्याहून अधिक चित्रांचा उशीर होतो. सिनेमा पाहताना तो कळत नाही. पण हा खेळ त्याच मापावर उभा आहे. दादाचा हात तेहतीस वर्षांपूर्वीच्या वेळेवर बरोबर पडत होता. उशीर पडद्याचा होता. कळ फिरविल्यावर तिसऱ्या प्रयत्नात ठोसा निघाला. दादा काही बोलला नाही. त्याने मला आणखी चार वेळा हरविले.

म्हणजे जी नक्कल ठिपक्याठिपक्याने अस्सल होती ती त्या संध्याकाळी खोटी ठरत होती, आणि १९९२ ची ती पिंपांऐवजी विटा घातलेली कॅसेट जुन्या काचेच्या संचावर लावली असती, तर दादाचा हात पहिल्याच झटक्यात चालला असता. नकलेचा खरेपणा किती वस्तू उतरल्या यावरून मोजावयाचा नसतो. अस्सलाचा हुकूम कुठे राहतो ते आधी ओळखावयाचे असते. या खेळात तो बोट आणि पडदा यांच्यामधील वेळेत राहतो. ज्या नकलांनी तो ओळखला त्यांनी पुष्कळ काही गमावूनही खेळ वाचविला.

या सगळ्यात माझ्या मनात रुतून बसले आहे ते दादाचे वाक्य. नक्कल चुकली होती, आणि माणसाने दोष स्वतःच्या हाताला दिला. हे मी पूर्वीही पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत होतो तेथे जुन्या वह्या संगणकावर उतरविल्या गेल्या. एक म्हातारे गृहस्थ आले आणि आपल्या कागदावर शेऱ्याची एक ओळ असावयास हवी होती, असे सांगू लागले. मी पडदा पाहिला. सारे रकाने भरलेले, सुबक. मी त्यांना म्हणालो, “बाबा, तुमच्या लक्षात चूक होत असेल.” तेही दादासारखेच हसले आणि म्हणाले, असेल साहेब, वय झालं. पुढे मूळ वही काढून पाहिली तेव्हा ती ओळ तिथे होती. शेरा लहान होता म्हणून उतरविणाऱ्याने सोडला होता, आणि त्या कागदाचा सारा अर्थ नेमका त्या शेऱ्यात होता.

त्यांना पुन्हा बोलावून दुरुस्त प्रत दिली. पण तेव्हापासून सही करण्यापूर्वी मी कागद किती देखणा आहे ते पाहत नाही. मूळ मागवितो, आणि ज्याचा कागद आहे त्यालाच विचारतो, यात तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे काय होते?